चेंडू पुन्हा हातात घेऊ या

आज हप्ता, व्याज, कर्ज यांतलं काही नाही. आज आपण चेंडू खेळण्याबद्दल बोलणार आहोत. हसू आलं असेल तर हसून घ्या. आमच्या गटातही पहिल्या दिवशी सगळ्या हसल्याच होत्या.

विषय निघाला तो पडण्यावरून. गेल्या पावसाळ्यात आमच्या तीन गटांतल्या मिळून चौघी पडल्या. एक शेताच्या बांधावरून घसरली, एक मोरीत, एक टमटममधून उतरताना, आणि एक काकू तर सपाट अंगणात. त्यांतल्या एकीचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. खुरपणीचे दिवस होते, मजुरी बुडाली. भाकरी थापायला पोरीला शाळेतून घरी ठेवलं. बाईचा एक हात बंद पडला की घरातलं काय काय थांबतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पडलेल्या बाईला लोक म्हणतात, बघून चालता येत नाही का? पण तोल काही नुसत्या डोळ्यांवर नसतो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि पायांचे तळवे, घोटे, सांधे, या तिन्ही ठिकाणांहून मेंदूला खबर जाते. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो या खबरा जुळवून हातापायांचा ताळमेळ ठेवतो. वय वाढतं तशी खबर पोचायला आणि अंग सावरायला वेळ लागतो. त्यात पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणजे सावरणं हळू आणि हाडं कच्ची, दोन्ही एकदमच.

आता आमच्या मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, दिवसभर राबतोच की आम्ही, वर आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न बरोबर आहे. कष्टात आपण कुणाला हार जाणार नाही. पण कामात अंग एकाच बाजूनं वळतं. खुरपताना तासन् तास उकिडवं, विळा कायम उजव्या हातात, कळशी कायम त्याच कमरेवर. हात डोक्याच्या वर जातो तो फार तर फळीवरचा डबा काढायला. पटकन वळणं, झेप घेणं, डाव्या हातानं काही पकडणं हे दिवसात घडतच नाही. जे घडत नाही ते अंग विसरतं. लहानपणी आपण लगोरी खेळलो, सागरगोटे तर असे झेलायचो की खाली न बघता उचलायचो. ते सगळं लग्नानंतर सुटलं. पुरुष पन्नाशीतही क्रिकेट खेळतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

2004 साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही तरुण मंडळींना तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं, जत्रेतला खेळवाला खेळवतो तसे. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. हलती वस्तू टिपणारा मेंदूचा भाग थोडा वाढलेला दिसला. पुढे सराव सोडल्यावर ती वाढ कमीही झाली. तीन चेंडू राहू द्या, आपण एकानं सुरुवात करू.

आधी बसल्या बसल्या. टेनिसचा चेंडू किंवा पोरांचा मऊ स्पंजचा चेंडू मुठीत घ्या, हळू दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, मग दुसऱ्या हातानं. श्वास कोंडू नका, आकडे मोठ्यानं मोजा म्हणजे तो आपोआप चालू राहतो. सकाळी बोटं आखडतात, कापडाचा पिळा घट्ट बसत नाही, त्यांनी हे जरूर करावं. मग चेंडू जमिनीवर ठेवा, खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा आणि तळपायाखाली तो टाचेपासून बोटांपर्यंत फिरवा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना ज्यांच्या टाचेत कळ येते त्यांना यानं पुष्कळदा आराम पडतो. चेंडूवर उभं मात्र राहायचं नाही.

आता खरी मजा. आठदहा जणी गोल उभ्या राहा, चपला काढा, पदर खोचा. चेंडू फेकायचा, पण फेकायच्या आधी समोरच्या बाईचं नाव घ्यायचं. अमक्याची आई, तमक्याची सून असं चालणार नाही, तिचं स्वतःचं नाव. आमच्याकडे पहिल्या फेरीत तिघी अडखळल्या. दर महिन्याला ज्या बाईसोबत पैसे भरतो तिचं नाव पासबुकात होतं, तोंडात आलेलं नव्हतं. या नाव घेण्याचा आणखी एक फायदा आहे. मेंदूला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. चालता चालता बोलताना, डोक्यावर भारा असताना हाक आली तर, आपला तोल अशाच वेळी जातो. त्याचाच हा सराव.

हे जमलं की एका हातानं झेला. मग फक्त डाव्या. मग चेंडू जमिनीवर एक टप्पा पाडून समोरचीकडे द्या. मग गोलात दोन चेंडू सोडा आणि काय गोंधळ होतो ते बघा. शेवटी एका पायावर उभं राहून झेलायचं, पण हे भिंतीजवळ किंवा शेजारणीच्या खांद्याला हात लावता येईल असं उभं राहून. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या निम्म्याजणींना पाच आकडेही उभं राहता येईना. दीड महिन्यात बहुतेकींचे वीस आकडे व्हायला लागले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं अंग हलेल, धाप थोडी वाढेल असं काही करावं, आणि 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सुधारणारे व्यायाम करावेत. आम्ही बैठकीनंतर वीस मिनिटं खेळतो, बाकीचे दिवस ज्या त्या घरी नातवंडांसोबत. समाजमंदिरासमोर खेळायला लागलो तेव्हा पारावरची मंडळी बघायला जमली. तीन आठवड्यांनी कंटाळून गेली.

काही गोष्टी सांभाळा. पोटुशी बाई असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी उपकेंद्रात नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून झेलावं, तेवढ्यानंही हात आणि नजर कामाला लागते. ओल्या फरशीवर खेळू नका. कुठं कळ आली तर थांबा, ओढून ताणून करायचं नाही.

चेंडू विकतच हवा असं नाही. जुन्या सुती साडीच्या चिंध्या घट्ट गुंडाळा, मोठ्या लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करा, जुन्या पायमोज्यात घाला आणि तोंड शिवून टाका. टप्पा पडत नाही, पण झेलायला हाच बरा, लागत नाही आणि गटारीकडे पळत नाही. मळला तर धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका, आतून ओला राहिला तर वास मारतो.