नीतिमूल्ये आणि ज्ञातीचा रिवाज

(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



‘चांगले म्हणजे काय?’ हा प्रश्न दिसावयास सोपा, परंतु उत्तर देऊ लागले म्हणजे तितकाच बिकट. आपल्या घरांतून त्याचे एक ठरलेले उत्तर मिळते : ‘आपल्यात असेच करतात.’ ह्या उत्तराची आज आम्ही थोडी परीक्षा करणार आहो.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने ‘युथिफ्रो’ नामक संवादात सॉक्रेटिसाच्या मुखाने एक मार्मिक प्रश्न विचारविला आहे. देवांना प्रिय म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते मुळात पवित्र म्हणून देवांना प्रिय होते? देवांच्या ठिकाणी ज्ञाती घातली, की प्रश्न आपल्या उंबरठ्याशी येतो. ज्ञातीने मानले म्हणून चांगले, की चांगले म्हणून ज्ञातीने मानावे? पहिला पक्ष घेतला, तर ज्ञाती कधी चुकूच शकत नाही असे म्हणावे लागेल. मग बालविवाह व विधवांचे केशवपन ह्या चाली सुटल्या तेव्हा समाज सुधारला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? केवळ बदलला, एवढेच म्हणता येईल. ज्याअर्थी आपण ‘सुधारला’ म्हणतो, त्याअर्थी रिवाज मोजणारे माप रिवाजाहून निराळे आहे, हे आपणच कबूल करतो.

ते माप कोणते ह्याविषयी पंडितांत एकमत नाही. जो नियम सर्वांनी पाळावा अशी इच्छा विसंगतीवाचून करता येते तोच नीतीचा नियम, असे कांटने १७८५ साली मांडले. मिल्लने सुखरूप परिणामावर भर दिला. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, केवळ बाह्य परिणाम न पाहता कर्त्याच्या बुद्धीची शुद्धता पाहिली पाहिजे, असा पक्ष घेतला. मूर ह्याने तर १९०३ साली ‘चांगले’ ह्या गुणाची व्याख्याच होऊ शकत नाही असे प्रतिपादिले. मते भिन्न आहेत. तथापि ‘आपल्यात असेच करतात’ एवढ्यावर ह्यांपैकी कोणीही निवाडा सोपविलेला नाही.

आता घरचेच उदाहरण घेऊ. परज्ञातीची कन्या सून होऊन आली, तर तिचे नाव आपण कुटुंबसूचीत आनंदाने छापतो. आपली कन्या परज्ञातीत गेली, तर तिचे नाव गाळतो. कृत्य एकच, नियम मात्र दोन! कांटची कसोटी येथे उतरत नाही. परिणाम पाहावे, तर आईबापांस दुःख आणि संघास लाभ काहीच नाही. बुद्धीची शुद्धता पाहावी, तर मुळाशी ‘लोक काय म्हणतील’ हे भय. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरला आहे; परंतु कायद्याच्या धाकाने केलेले वर्तन ही सावधगिरी होय, नीती नव्हे.

ह्यावरून रिवाज सारेच टाकाऊ, असे आमचे म्हणणे नाही. गरजू विद्यार्थ्यास हात देणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे आपण रिवाजातूनच शिकलो. मूल्य हे बीज, रिवाज ही टरफल. टरफल बीजाचे रक्षण करते. पण बीज रुजावयाचे तर ती फुटलीच पाहिजे.

म्हणून येत्या सूचीत आपल्या सर्व कन्यांची नावे यावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.