जुनी रायफल, नवी रायफल आणि आपल्या वाट्याची ठासणी

(भोर येथील बैठकीत एका निवृत्त आर्मररने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत रानडुकरांचा विषय निघाला तेव्हा वेल्ह्याच्या एका पाहुण्याने प्रश्न टाकला होता, "इशापूरची नवी रायफल घ्यावी, का कुणाकडची जुनी बीएसए मिळाली तर ती घ्यावी?" मी बावीस वर्षे फौजेत आर्मरर होतो. हत्यार खोलायचे, पुसायचे, मोडले असेल ते बदलायचे आणि पुन्हा जुळवायचे, हेच काम. म्हणून उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. उत्तर एका वाक्यात देता येईल. पण ते दिल्यावर तुम्ही विचाराल, "मग परवाना कधी मिळतो?" आणि खरी रड तिथेच आहे.

आज कापूस आणि ज्वारीवाली मंडळी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही आली आहेत. आमच्या डोंगरात भात, नाचणी, वरई. तुमची जमीन वेगळी, पाऊस वेगळा. डुक्कर मात्र तेच. तुमच्याकडे ते दिवसा कपाशीत दडते आणि रात्री शेजारच्या ज्वारीत उतरते. खाते थोडे, नासते फार. दाणा दुधात आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला मी वेगळे सांगायला नको.

आता रायफल. गावात आपण सगळ्यालाच बंदूक म्हणतो, पण बंदूक वेगळी आणि रायफल वेगळी. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा. वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलला की मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत बसते. दांडा खाली दाबला की कडी लागली. सव्वाशे वर्षांत या कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही.

आपल्या देशात शिकारीची म्हणून जी रायफल सगळ्यांत जास्त दिसते ती .315 ची. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. इंग्रजांच्या फौजेची रायफल .303 ची, ली-एनफिल्ड, 1895 ची. पोलिसांच्या खांद्यावर 'थ्री नॉट थ्री' तुम्ही पाहिलीच असेल. ही गोळी हिंदुस्थानातल्या खाजगी माणसाला मिळता कामा नये, असा इंग्रजांचा हुकूम होता. फौजेतून चोरलेले काडतूस लोकांच्या रायफलीत बसले तर काय, ही भीती. मग विलायतेच्या बीएसए कंपनीने यंत्रणा तीच ठेवली, लीची, आणि काडतूस घेतले ऑस्ट्रियाच्या फौजेचे, आठ मिलिमीटरचे, मॅनलिखर म्हणतात ते. तीच आपली .315. म्हणजे शिकाऱ्याला काय लागते याचा विचार करून हे काडतूस कोणी निवडलेले नाही. एक बंदी चुकवताना ते आपल्या गळ्यात पडले. इंग्रज गेले, इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच रायफल काढायला घेतली, आणि .303 आजही खाजगी माणसाला बंदच आहे.

तेव्हा जुनी बीएसए आणि नवी इशापूर यांची तुलना करायची तर आधी हे ध्यानात घ्या की दोन्ही एकाच आईच्या लेकी आहेत. दोन्हींत लीचा बोल्ट, दोन्हींत तेच काडतूस. लीच्या बोल्टची कडी मागच्या बाजूला लागते. जर्मनांच्या 1898 च्या माउझरची कडी पुढे, काडतुसाच्या अगदी पाठीशी लागते, म्हणून ती जास्त दाब सोसते. पण लीचा बोल्ट हाताला हलका आणि झटपट चालतो, आणि धूळमातीत कुरकुर करत नाही. .315 चे काडतूस काही फार जहाल नाही, गोळी जड आणि सावकाश. शंभर पावलांच्या आतल्या डुकरासाठी ती भरपूर झाली.

जुनी घेताना काय पाहायचे? सगळ्यांत आधी नळी. बोल्ट काढा, नळी उजेडाकडे धरा आणि मागच्या बाजूने आत बघा. पीळ चकचकीत, धारदार दिसला पाहिजे. जुन्या काडतुसांच्या टोपीत असा मसाला असे की बार काढल्यावर नळीत क्षार राही, आणि मिठासारखा तो हवेतली ओल ओढी. फौजेत आम्हाला शिकवत, नुसते तेल उपयोगाचे नाही, आधी उकळते पाणी नळीतून ओता, पुसा, मग तेल द्या. घरोघरी हे कोण करणार? बार काढला, रायफल खुंटीला लावली, वर आपल्याकडचा आषाढ. अशा नळीला आतून देवीचे व्रण पडल्यासारखे खड्डे पडतात. मग वरचे लाकूड कितीही देखणे असो, ती घेऊ नका. दुसरे, बोल्ट लावल्यावर त्याचे तोंड आणि काडतूस यांत किती फट राहते ते माहितगाराकडून मापून घ्या. फट वाढली असेल तर काडतूस फाटते आणि जळता वायू चेहऱ्यावर येतो. तिसरे, दस्त्याला चीर आहे का. लीच्या रायफलचा नेम लाकूड नीट बसले आहे की नाही यावर फार अवलंबून असतो.

तर ते एका वाक्यातले उत्तर: जिची नळी चांगली ती चांगली, मग ती आजोबाच्या वयाची असो की काल कारखान्यातून आलेली.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने आला होता. विंचेस्टर कंपनीने 1936 साली मॉडेल 70 नावाची शिकारी रायफल काढली. तिच्या बोल्टवर माउझरसारखी लांब पट्टीची आकडी होती. काडतूस मॅगझिनमधून वर आले की ही आकडी त्याची कड धरायची, ते बाहेर फेकेपर्यंत सोडायची नाही. 1964 साली कंपनीने खर्च वाचवायला लांब आकडी काढून बोल्टच्या तोंडात छोटी आकडी बसवली. दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी गेली, तिथे ठप्प्याने दाबलेली आली. गिऱ्हाइकांनी काय केले? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. नवी रायफल नाकारली आणि जुन्यांच्या किमती चढवल्या. 'चौसष्टच्या आधीची' ही तिकडे जातिवंतपणाची खूण झाली. शेवटी 1990 नंतरच्या वर्षांत कंपनीला लांब आकडी परत आणावी लागली. कारण तिच्याशेजारच्या दुकानात रेमिंग्टन होती, सॅव्हेज होती, परदेशी माउझर होती. गिऱ्हाइकाला पाठ फिरवायला जागा होती.

आपल्याला ती जागा कुठे आहे? रायफल बनवायचा हक्क स्वातंत्र्यानंतर दशकानुदशके सरकारी कारखान्यांचा. 1980 नंतरच्या दशकात बाहेरून आणणेही सर्वसाधारण माणसाला बंद झाले. 2016 च्या नियमांनी खाजगी कारखान्यांना दार किलकिले केले. 2021 मध्ये सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, इशापूर त्यांतल्या एकीकडे गेले. काडतुसाचा खडकीचा कारखाना पुण्याच्या अंगणात, पण वर्षाला किती काडतुसे घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला. कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदी आठवत असेल. तिथे घेणारा एक होता, इथे विकणारा एक. इशापूरची रायफल वाईट, असे मी म्हणत नाही. ती दणकट आहे. पण विकणारा एकच असला म्हणजे जुनी आणि नवी यांत फरक पडायला कारणच उरत नाही.

आता मघाशी म्हटले ती रड. जुनी की नवी हा वाद घालणारे आपण, आपल्याला कायदा काय देतो? 1959 चा शस्त्र कायदा, कलम 13. त्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून हत्याराचे नाव लिहिलेले आहे, आणि ते आहे ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे ओतायचे, पुन्हा ठासायचे, टोपी बसवायची आणि एक बार काढायचा. पानिपतावर जे चालले ते आपल्या नाचणीला चालेल, असा हिशेब. वेल्ह्याच्या पावसात ती दारू कोरडी ठेवून दाखवावी कोणी! एका बाराने डुक्कर जखमी झाले आणि अंगावर आले, तर दुसरा बार ठासेपर्यंत ते थांबत नाही.

पण त्याच कलमात पुढे एक परंतुक आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो पिकाच्या रक्षणासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देऊ शकतो. अर्जात हे परंतुक लिहा. नुसते 'बंदूक मिळावी' असे लिहू नका.

मग रायफल का मागू नये? माझे मत मी स्पष्ट सांगतो, कोणाला राग आला तरी चालेल. .315 ची गोळी हुकली तर कोस कोस जाते. आपल्या खोऱ्यांत एका धारेवर शेत, समोरच्या धारेवर वाडी. रात्री बॅटरीच्या उजेडात डोंगराकडे न बघता चाप ओढला, तर पलीकडे कोण झोपले आहे ते तुम्हाला दिसत नाही. रायफल एका गावात एका पक्क्या हाताकडे असावी. घरोघरी बारा बोअरच बरी.

आणि हत्यार हाती आले म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असे नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे; 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली मारायची परवानगी मिळते, पण ती आधी आणि लेखी लागते. म्हणजे दोन दारे. बंदुकीचा परवाना एका दारात, डुकराची परवानगी दुसऱ्या दारात, आणि डुक्कर तोवर तिसऱ्या शेतात. केरळने 2022 मध्ये ही परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत खाली आणला, आणि बार काढायला परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली. तिथले सगळे सुरळीत आहे असे नाही, पण निर्णय शेताच्या जवळ आला.

शिवाय निवडणूक आली की हत्यारे ठाण्यात जमा करायचे हुकूम सुटतात. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. भात कापणीला, ज्वारी वाढीला, आणि रानात डुक्कर मोकळे.

हत्यार नाही, परवानगी नाही, मग माणूस काय करतो? बांधाला तार लावतो आणि तारेत वीज सोडतो. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने अशी तार लावली होती. पहाटे त्याचाच पुतण्या पाणी बघायला गेला. त्या घरी मी दहाव्याला बसलो होतो. तार लावणारा माणूस वाईट नव्हता, भावांनो. त्याने तीन वर्षे बंदुकीच्या अर्जाला खेटे घातले होते. आता तो न्यायालयात खेटे घालतो.

बाहेर टेबलावर कलम 13 च्या परंतुकाचा मजकूर आणि अर्जाचा नमुना ठेवला आहे. कोणत्या गावात किती परवाने आहेत, त्यांत ठासणीचे किती, याची यादी पुढच्या बैठकीला घेऊन या. कार्यकर्त्यांनी तालुक्यातली निदान दहा गावे करावीत. ज्यांच्याकडे परवान्याची जुनी रायफल आहे त्यांनी ती दाखवायला बैठकीला आणू नये. मी घरी येऊन नळी बघून देईन, चहा मात्र पाजावा लागेल.