सार्वमताचा कौल आणि शेजारी : गोव्याच्या १९६७ च्या मतदानावरून काही विचार

(संस्थेच्या जुन्नर-आंबेगाव परिसरातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला दिलेला विषय असा की, एखाद्या प्रदेशाने स्वतंत्र राहायचे की नाही यावर मत दिले तर त्याच्या शेजाऱ्यांचे काय होते? विषय ऐकून काही कार्यकर्ते म्हणाले, की हे परदेशातले राजकारण, आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान झाले आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचे ठरवले. त्या मतदानाने स्पेनसारखा देशही अस्वस्थ झाला होता, कारण त्याच्या घरात कॅटलोनियाची तीच मागणी उभी होती. पूर्व तिमोरने ३० ऑगस्ट १९९९ रोजी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. त्यानंतर जी जाळपोळ झाली तिच्यात सुमारे अडीच लाख माणसे शेजारच्या पश्चिम तिमोरमध्ये गेली, बरीचशी जबरदस्तीने नेली गेली. मत एकाने दिले आणि छावण्या दुसऱ्याच्या अंगणात पडल्या.

परंतु आपल्याला इतके लांब जाण्याचे कारण नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी पोहोचता येते अशा गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी असेच एक मतदान झाले. ते देशापासून स्वतंत्र होण्याचे नव्हते, तर महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, यावर होते. स्वतंत्र भारतात सरकारने घेतलेला असा जनमत कौल तो एकच. त्या दिवशीच्या मताचे पडसाद अजून सीमेवरच्या माणसाच्या पाण्यात, औषधात आणि जातीच्या दाखल्यात उमटतात. म्हणून आम्ही तोच विषय घेतला.

त्याआधी बाबासाहेबांचा एक विचार सांगितला पाहिजे, कारण आमच्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी काश्मीरचा प्रश्न काढला. त्यांची भीती अशी होती, की सबंध संस्थानाचे एकच सार्वमत घेतले तर तिथल्या हिंदूंना आणि बौद्धांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाकिस्तानात ओढून नेले जाईल. म्हणून विभाग पाडावेत, जम्मू-लडाख वेगळे धरावे आणि मत फक्त खोऱ्यापुरते घ्यावे, असे त्यांनी सुचवले. लडाखच्या बौद्धांची आठवण दिल्लीत त्या काळी किती जणांना होती? बाबासाहेबांनी सार्वमताला नकार दिला नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की मोजणीची कुंपणे कुठे घालणार? कुंपण बदलले की बहुमत बदलते.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १९४६ साली ते घटना समितीवर गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने. २० जून १९४७ रोजी बंगालच्या विधिमंडळात फाळणीचा कौल पडला आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. त्यानंतर ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. पुढच्याच महिन्यात, जुलै १९४७ मध्ये, आसामच्या सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत झाले. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांपैकी बहुतेकांना ‘हे फिरते लोक’ म्हणून मताधिकार नव्हता. मंडल यांनी तिथे पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला, सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला, मंडल पाकिस्तानचे मंत्री झाले आणि १९५० साली तिथल्या दलितांची दैना पाहून राजीनामा देऊन भारतात परतले. शेजारच्या चितगाव डोंगरी मुलखात तर बहुसंख्य बौद्ध चकमांना कुणी विचारलेच नाही. १७ ऑगस्ट १९४७ रोजी निवाडा जाहीर झाला तेव्हा त्यांना समजले, की आपण पाकिस्तानात आहोत. पुढे कप्ताई धरणात त्यांची भातजमीन बुडाली, सुमारे एक लाख माणसे उठली, त्यातली हजारो आजच्या अरुणाचल प्रदेशात आली. डिंभे धरणाखाली ज्यांचे जुने आंबेगाव गेले, त्यांना हे दुःख आम्ही समजावून सांगायला नको.

आता गोवा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. विलीनीकरण हेच त्याचे मुख्य मागणे. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. विधानसभेत ठराव करून हा प्रश्न मिटवता आला असता, पण सिक्वेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला, की हे आमदारांनी नव्हे, लोकांनी ठरवावे. दिल्लीने ते मान्य केले. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पाने अशी चिन्हे होती. ८१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा.

विद्यार्थ्यांनी या आकड्यांच्या मागे पाहावे. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात एक हिशेब मांडला होता, की राज्य जितके मोठे तितके अल्पसंख्याकाचे प्रमाण लहान होत जाते. गोव्यातल्या ख्रिश्चनांनी, कळत-नकळत, हाच हिशेब केला. गोव्यात ते लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक होते, महाराष्ट्रात गेले असते तर समुद्रात मिठाचा खडा. परंतु गोव्यातल्या बहुजन कुळांनी नेमका उलटा हिशेब केला. त्यांच्या डोक्यावर भाटकार बसलेला, जमीन त्याची, घराखालची जागाही त्याची. लहान गोव्यात भाटकार मोठा, तोच मोठ्या महाराष्ट्रात लहान होईल, कूळकायदा येईल, मराठी शाळेतून पोर शिकेल, या आशेने ते फुलाकडे गेले. दोघेही दुबळेपणाच्या भयानेच मत देत होते आणि एकमेकांविरुद्ध देत होते. त्यात भाषेचा वाद होता, कोकणी स्वतंत्र की मराठीची बोली हा. त्यावर ‘राष्ट्रमत’मधून रवींद्र केळेकर, उदय भेंब्रे यांनी रान उठवले, ते सारे खरे. पण नुसता भाषेचा वाद म्हणून हा इतिहास शिकवला जातो तेव्हा कूळ आणि भाटकार दोघेही त्यातून गळून पडतात, हे आम्हाला खटकते.

आणि गंमत पाहा. जानेवारीत फूल हरले आणि मार्चमधल्या निवडणुकीत बांदोडकर पुन्हा निवडून आले! ज्या लोकांनी त्यांचे विलीनीकरण नाकारले, त्याच मतदारसंघांनी त्यांच्या हाती राज्य दिले. पुढे १९७० च्या दशकात, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, कुळांना जमिनीची मालकी देणारा कायदा गोव्याच्याच विधानसभेने केला. म्हणजे महाराष्ट्रात जाऊन जे मिळवायचे होते त्यातले काही वेगळे राहूनही मिळाले. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले.

इथवर गोव्याची गोष्ट झाली. शेजाऱ्यांना मात्र त्या दिवशी कुणी विचारले नव्हते. मुंबईत पोट भरणाऱ्या गोवेकरांनाही मत नव्हते, मग सावंतवाडी-बेळगाव-कारवारच्या माणसाला कुठून असणार?

पहिला परिणाम सीमाप्रश्नावर. महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला होता, म्हणजे गोव्याचे मतदान झाले तेव्हा त्याचे काम चालूच होते. गोवा महाराष्ट्रात आला असता तर कारवार आणि महाराष्ट्र यांची हद्द एकमेकांना लागली असती. गोव्याच्या नकाराने कारवारवरचा दावा सैल पडला, असे आमचे मत आहे. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात आयोगाने बेळगाव कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि बेळगावकर अजून वाट पाहत आहेत. आपल्या तालुक्यांनाही याचे विस्मरण नसावे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत खेड मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके लोकसभेवर गेले होते. महाराष्ट्र मिळाला, पण ज्यांच्यासाठी घोषणा दिल्या त्या बेळगाव-कारवारच्या लोकांना मिळाला नाही.

दुसरा परिणाम पाण्यावर. आपल्याकडे कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या पाण्यावरून जुन्नर-आंबेगाव विरुद्ध पारनेर-श्रीगोंदे-कर्जत अशी तणातणी दर उन्हाळ्यात होते. भांडण कडवे असते, तरी ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत येते, एकाच सरकारपुढे मांडले जाते. तिळारीचे तसे नाही. धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्गात, जमीन बुडाली ती तिथल्या लोकांची, आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याला. त्यासाठी १९९० साली दोन राज्यांना करार करावा लागला. म्हादईचे भांडण तर तीन राज्यांचे. लवाद नेमला २०१० मध्ये, निवाडा आला २०१८ मध्ये, आणि तो मिटला असे अजूनही म्हणवत नाही. गोवा महाराष्ट्रात असता तरी कर्नाटकाशी हा तंटा झालाच असता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फक्त पक्षकार दोन असते.

तिसरा परिणाम सिंधुदुर्गाच्या रोजच्या जगण्यावर. सिंधुदुर्गातला रुग्ण गंभीर झाला की गाडी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. २०१८ साली गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले आणि एका रात्रीत शेजारी हा परका झाला. गोव्याची चूक काय? त्यांच्या करातून चालणारे रुग्णालय. पण दोडामार्गाच्या मजुराचीही चूक काय? तो रोज गोव्यातच कामाला जातो. विमानतळही दोन झाले, चिपी २०२१ ला आणि सीमेलगतचा मोपा २०२२ ला. एका राज्यात इतक्या जवळ दोन विमानतळ कुणी बांधले नसते.

चौथी गोष्ट इथे बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि ती आम्ही जरा सावकाश सांगतो. घटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक ठरते. महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, गोव्याच्याही यादीत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात लागू झाल्या. मग बांद्याचा बौद्ध मुलगा पेडण्यात राहायला गेला तर त्याला गोवा सरकारच्या नोकरीत राखीव जागा मिळावी ना? मिळत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर करणाऱ्याची जात सोबत जाते, पण सवलत मूळ राज्यातच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली मरी चंद्रशेखर राव प्रकरणात ठरवले. केंद्राच्या सेवेत मूळ राज्याचा दाखला चालतो, राज्याच्या सेवेत नाही. बांदा ते पेडणे अंतर किती? एका सायकलीचे. १९६७ साली चौतीस हजार मते इकडची तिकडे झाली नसती, म्हणजे निम्मीच, सतरा हजारांच्या वर माणसे दोन पानांऐवजी फुलाकडे वळली असती, तर तो दाखला दोडामार्गापासून काणकोणपर्यंत चालला असता. अस्पृश्यता मात्र त्या सीमेवर थांबून दाखला विचारत नव्हती.

याचा अर्थ गोव्याने चुकीचे मत दिले, असा आमचा मुद्दा नाही. आपल्या भूमीचे काय करायचे हे ठरवण्याचा त्यांना अधिकार होता आणि तो त्यांनी रक्त न सांडता बजावला. पूर्व तिमोरशी तुलना केली म्हणजे त्याचे मोल कळते. आमची तक्रार त्यानंतरच्या वर्षांविषयी आहे. कौल लागल्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंनी बसून रुग्णालय, पाणी, नोकरी, शाळा यांचे करार लगेच करायला हवे होते. तिळारीचा करार व्हायला तेवीस वर्षे लागली. रुग्णशुल्काचा प्रश्न तर रुग्ण दारात अडल्यावर सुचला.

आपल्या नाणेघाटात दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकली जायची असे जुनी माणसे सांगतात. कोकण आणि देश यांच्यामधली ती हद्दच होती. आणि त्याच वाटेच्या जुन्नरला, शिवनेरीच्या लेण्यांत, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याचा लेख कोरलेला आहे. दुसऱ्या यवनाने, इरिलाने, पाण्याची दोन टाकी दिली. जकात घेणारे राज्य त्या काळीही होते, पण टाक्यातले पाणी पिणाऱ्याला तो कुठल्या हद्दीतून आला हे संघाने विचारल्याचे त्या लेखांत नाही. विद्यार्थ्यांनी ही लेणी सहलीला म्हणून न पाहता लेख वाचायला म्हणून एकदा पाहावीत. संस्थेने त्याची व्यवस्था केली तर आम्ही सोबत येऊ.

प्रश्न असतील तर आता विचारा. जयभीम, नमो बुद्धाय.