दर्याचें गाणें आणि तबकडीचा बाजार

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, राजपुरी खाडीच्या मुखाशीं दिघी हें बंदर वसलें आहे. पलीकडच्या तीरावर आगरदांडा, पाण्यांत जंजिऱ्याचा किल्ला, आणि पुढें उघडा दर्या. अशा किनाऱ्यावर गाणें हें केवळ करमणुकीसाठीं जन्मास येत नाहीं. तें कामाचें व संस्काराचें अंग असतें. वल्हीं एका तालांत पडावींत, जाळें ओढतांना सर्वांचे हात एकाच क्षणीं लागावेत, म्हणून गळ्यांतून सूर निघतो. नारळी पौर्णिमेचें गाणें निराळें, हळदीचें निराळें. तें कोणीं रचलें, हें विचारण्याची तेथें चाल नाहीं. ज्याला आठवलें त्यानें म्हटलें, आणि ज्याला सुचलें त्यानें एक कडवें वाढविलें.

या वहिवाटीस धक्का दिला तो यंत्रानें. १९०२ सालीं इंग्रजी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान या गायिकेचें गायन मुद्रित केलें. ध्वनिमुद्रिका छापण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं पाठवाव्या लागत. तेथील कारागिरांस गायिका ओळखतां यावी, म्हणून गाणें संपतांच ती स्वतःचें नांव उच्चारी. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला. लाख हा या देशाच्या जंगलांतील जिन्नस. तिचीच तबकडी होऊन त्यावर याच देशाचें गाणें विकलें जाऊं लागलें.

त्या तबकडीची एक अट मात्र मोठी कडक होती. दहा इंचांची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. तासभर रंगणारा ख्याल गवयांना या मापांत बसवावा लागला. मराठी भावगीताला मात्र हेंच माप मानवलें. १९३० नंतरच्या दशकांत गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी यांसारख्या गायकांनीं तें घरोघर पोंचविलें. या व्यापाराचे उपकारहि नाकारतां येणार नाहींत. ज्याला मुंबईच्या नाटकगृहाचें दार कधीं दिसलें नसतें, त्याच्या ओटीवर बालगंधर्व व हिराबाई बडोदेकर यांचे सूर आले, ते या तबकडीमुळेंच.

परंतु जें मापांत बसलें नाहीं त्याचें काय झालें? रायगड व ठाणें किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी समाजांत लग्नाचे विधि धवलारीण चालविते. ती जे धवले गाते, त्यांची गति संथ असते. एकेका विधीबरोबर ते चालतात आणि विधि संपेपर्यंत संपत नाहींत. त्यांत ठेका धरून नाचण्याजोगें कांहीं नसतें. तीन मिनिटांच्या तबकडीला असलें गाणें नको होतें. तिला हवें होतें सुटसुटीत, ठेकेदार आणि धुंद गाणें. म्हणून शहराच्या कानाला ‘कोळीगीत’ म्हणून जें परिचित झालें, तें किनाऱ्याच्या गाण्याचें एक अंग होय, संपूर्ण देह नव्हे.

या व्यवहाराची दुसरी बाजूहि पाहण्याजोगी आहे. ‘मी डोलकर’ हें गाणें आज कोणत्या कोळीवाड्यांत माहीत नाहीं? त्याचे शब्द शांता शेळके यांचे. त्या पुणें जिल्ह्यांत, समुद्रापासून दूर, इंदापूर येथें जन्मल्या. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि लता मंगेशकरांबरोबर आवाज दिला तो हेमंतकुमार या बंगाली गायकानें. म्हणजे किनाऱ्याच्या चालीरीतींवरून शहरांत गाणें घडलें, तबकडीवर चढलें आणि पुन्हा किनाऱ्यावर उतरून तेथील लग्नांत, मिरवणुकींत स्वतःचें होऊन बसलें. तें बाजारांतून आलें म्हणून खोटें, असें म्हणणें रसिकाला शोभणार नाहीं. गाण्याचा खरेपणा जन्मस्थळावरून ठरत नाहीं. तें ज्याच्या तोंडीं बसतें, त्याचें तें होतें.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ यांसारख्या संचांचीं गाणीं घरोघर वाजूं लागलीं. कोळीवाड्याला स्वतःच्या तोंडानें गातां आलें, हा त्यांतला मोठाच लाभ. मात्र ठेक्याची मागणी तीच राहिली, आणि धवला पुन्हा ओसरीवरच बसून राहिला.

ही कहाणी एका किनाऱ्याची नव्हे. अमेरिकेंतील रॉक संगीताचें मूळ काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यांत आहे. मिसिसिपीच्या आर्थर क्रुडप यानें १९४६ सालीं ‘दॅट्स ऑल राइट’ हें गाणें मुद्रित केलें. १९५४ सालीं तें एल्व्हिस प्रेस्ली यानें गाइलें आणि त्याच्या कीर्तीचा आरंभ तेथूनच झाला. मूळच्या क्रुडपला त्याच्या गाण्यांचा योग्य मोबदला मिळाला नाहीं आणि १९७४ सालीं तो वारला. त्याचें निदान नांव तरी लेबलावर होतें. ज्या धवलारिणीचें नांवच कोठें छापलें नाहीं, तिनें मोबदला मागावा कोणाजवळ?

कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर अर्धेंच दिलें आहे. चित्रपटगीतांच्या मानधनाविषयीं १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्मात्याच्या बाजूनें निकाल दिला. पुढें २०१२ सालीं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि चित्रपटगृहाबाहेर गाणें वाजल्यास गीतकार व संगीतकार यांना मानधनाचा वांटा मिळण्याचा हक्क देण्यांत आला. परंतु हक्क सांगण्यासाठीं आधीं कर्ता लागतो. ज्या गाण्याचा कर्ता अवघा कोळीवाडा, त्यास कायदा कर्ता नसलेलें समजतो; आणि त्याच गाण्याचें ध्वनिमुद्रण ज्यानें केलें, त्याचा हक्क मात्र प्रकाशनानंतर साठ वर्षें टिकतो.

अशा स्थितींत रसिकाचें कर्तव्य कोणतें? बाजारावर रुसून बसणें हें नव्हे; बाजार नसता तर त्याच्या आवडीचीं निम्मीं गाणीं त्याच्या कानीं पडलींच नसतीं. परंतु तीन मिनिटांची अट कधींच संपली आहे. आज खिशांतल्या मोबाइलमध्यें संपूर्ण रात्रीचें गायन सांठवितां येतें. तेव्हां किनाऱ्यावरच्या लग्नांत ठेक्याचें गाणें सुरू होण्यापूर्वीं जी वृद्धा संथ सुरांत गात असते, तिच्याजवळ घटकाभर बसावें, तिची अनुमति घेऊन तिचा धवला आरंभापासून शेवटपर्यंत मुद्रित करावा, आणि गौहर जान हिच्याप्रमाणें तिच्याहि तोंडून अखेरीस तिचें नांव वदवून घ्यावें. तबकडीला जें सामावतां आलें नाहीं, तें जपण्याचें काम आतां ऐकणाऱ्याकडे आलें आहे. आणि तें फार दिवस थांबणारें नाहीं.