आधी तपासणी, आधी तिकीट
(महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



आज मी दोन कागदांविषयी बोलणार आहे. एक, खेळाडू मुलीच्या वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. दुसरा, तिच्या प्रवासाचे तिकीट. ही दोन्ही कामे आपल्याकडे कारकुनी समजली जातात आणि संघ निघायच्या आदल्या दोन दिवसांत उरकली जातात. मला ती प्रशिक्षणाचाच भाग वाटतात. त्यांना होणारा उशीर मुलींना सर्वांत जास्त भोवतो, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

2025 हे वर्ष आपल्या मुलींनी गाजवले. जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकला. नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत महिला क्रिकेटचा विश्वचषक आपल्या हाती आला. या यशामागे कित्येक वर्षांची पायपीट आहे. 1973 साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते अवघे तीन. शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांच्या पिढीने विनाआरक्षण डब्यांतून प्रवास केला, मिळेल त्या जागी पथारी पसरली आणि दुसऱ्या दिवशी सामने खेळले. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांनी सोसलेले हाल पुढच्या पिढीनेही सोसावेत, असे त्यांनाही वाटत नसेल.

आधी तपासणीचे पाहू. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पात्रता अर्जांसोबत जोडलेले दाखले आपण सर्वांनी पाहिले आहेत. छापील नमुना असतो. उंची, वजन, नाडी, रक्तदाब असे रकाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले असतात आणि बाराच्या बारा मुलींचा रक्तदाब 120/80 असतो. खाली सही, शिक्का. अर्ज पूर्ण होतो, मुलीच्या प्रकृतीबद्दल मात्र आपल्याला काहीच कळलेले नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हेच प्रमाण धरले तर बारा जणींच्या कबड्डी संघात सहा-सात मुली अशा निघतील. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो रक्तक्षय. दहावर आलेली मुलगी पूर्वार्धात चढाया छान करते आणि उत्तरार्धात तिचे पाय जड होतात. आपण म्हणतो, हिचा स्टॅमिना कमी आहे, हिला आणखी फेऱ्या मारायला लावा. तिच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढायला तीन-चार आठवडे लागतात. शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही काही महिने जातात. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही, लिंबू किंवा आवळा घेतला तर चांगले शोषले जाते. हे सगळे सांगायला आणि करायला वेळ हवा. स्पर्धा हिवाळ्यात असेल तर तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, पहिल्या निवड चाचणीच्या वेळीच झाली पाहिजे. डिसेंबरात कळलेल्या रक्तक्षयावर डिसेंबरात उपाय नसतो. उरते ते मुलीला संघातून वगळणे किंवा तशीच मैदानात उतरवणे.

नंदुरबार, गडचिरोली, धुळे, पालघर या भागांतून आपल्याला काटक धावपटू मिळतात. या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाणही लक्षणीय आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला नुसते फिकट डोळे पाहून लोह देणे योग्य नाही. केवळ वाहक असलेल्या खेळाडूलाही कडक उन्हात, पाणी न पिता, न थांबता धावायला लावले तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेत राईस विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूचा 2006 मध्ये सरावानंतर असाच मृत्यू झाला. त्यानंतर 2010 पासून तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी सिकलसेलची स्थिती तपासण्याचा नियम केला. वाहक खेळाडूला संघाबाहेर काढले जात नाही. तिच्या सरावात विश्रांती आणि पाणी वाढवले जाते, इतकेच. आपल्याकडे जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तिला आपली महाविद्यालये जोडून घेणे अवघड नाही.

आता पाळीविषयी. सराव वाढला की पाळी थांबतेच, अशी समजूत मैदानावर घट्ट रुजली आहे. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या प्रश्नावर सविस्तर निवेदन काढले. त्यानुसार श्रमाच्या मानाने खाणे अपुरे पडले की शरीर पाळी थांबवते, हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. तीन महिने पाळी न आलेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे. सामन्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतल्या जातात, तेही थांबले पाहिजे.

तपासणीचा अहवाल कोणाच्या हाती जातो, हाही मोठा प्रश्न आहे. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या शांती सौंदराजन हिचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले आणि तिच्या देहाची चर्चा साऱ्या जगाने केली. शरीराचा अहवाल चारचौघांत गेला की मुलीच्या आयुष्याचे काय होते, ते तिने भोगले. म्हणून अहवाल आधी मुलीच्या हातात द्यावा. प्रशिक्षकाला तीनच गोष्टी कळाव्यात: ती खेळू शकते, तिच्यावर उपचार सुरू आहेत, किंवा तिला विश्रांती हवी आहे. सूचना फलकावर किंवा संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमोग्लोबिनची यादी लावणे म्हणजे तिचा विश्वासघात आहे.

आता तिकीट. बारा खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक मिळून चौदा जणांचा संघ. रेल्वेच्या एका आरक्षण अर्जावर सहाच नावे मावतात. म्हणजे तीन अर्ज, तीन तिकिटे आणि बहुतेक वेळा तीन वेगळे डबे. तत्काळमध्ये तर एका तिकिटावर चारच नावे, आणि स्लीपरची खिडकी उघडते आदल्या दिवशी सकाळी अकराला. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, पण स्पर्धेचे वेळापत्रक हातात येते आठ-दहा दिवस आधी. मग अॅडव्हान्सची मंजुरी, प्राचार्यांची सही, लेखा विभाग. तोवर गाडी वेटिंगवर गेलेली असते. चौघींची तिकिटे पक्की, बाकीच्या त्यांच्याच बर्थवर बसून रात्र काढतात. पहाटे उतरून नऊच्या सामन्याला त्या कोणत्या पायांनी उभ्या राहणार?

मुलांचा संघ अशा वेळी फलाटावर पथारी टाकतो. मुलीच्या घरी प्रश्न येतो, "मुक्काम कुठे? सोबत बाई कोण आहेत?" याचे उत्तर आपल्याकडे तयार नसेल तर वडील नाही म्हणतात आणि वर्षभर घाम गाळलेली मुलगी घरी राहते. आपण नोंद करतो, "वैयक्तिक कारणाने अनुपस्थित." ते कारण वैयक्तिक नसते. ते आपण उशिरा काढलेल्या तिकिटाचे असते.

पोहोचल्यावरची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची. सप्टेंबर 2022 मध्ये सहारनपूरला मुलींच्या राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेत जेवण स्वच्छतागृहात ठेवलेले देशाने पाहिले. पैसा असला की हे प्रश्न आपोआप सुटतात, असेही नाही. 2021 च्या एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेत कोरोनासाठी मुलांची रोज अधिक अचूक अशी पीसीआर चाचणी होत होती आणि मुलींची रोज अँटिजेन चाचणी. मुलींच्या व्यायामशाळेत वजनांची एकच छोटी मांडणी होती. ओरेगन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्सने त्या मांडणीचे चित्रण जगापुढे ठेवले, चौकशी झाली आणि पुढच्या वर्षीपासून मुलींच्या स्पर्धेतही मुलांइतकेच, म्हणजे 68 संघ घेतले गेले. 2024 मध्ये युटा विद्यापीठाच्या मुलींचा सामना होता स्पोकेनला आणि मुक्काम शेजारच्या आयडाहो राज्यातल्या गावात. तिथे त्यांना वांशिक शिवीगाळ सोसावी लागली आणि हॉटेल बदलावे लागले. मुलींची सोय शेवटी पाहायची, ही सवय श्रीमंत देशांतही आहे. ती मोडावी लागते, ती आपोआप जात नाही.

म्हणून या परिषदेने पुढील ठराव करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिला: स्पर्धेची तारीख आणि ठिकाण किमान 75 दिवस आधी जाहीर व्हावे.

दुसरा: जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक खेळाडू मुलीची रक्ततपासणी आणि स्त्री डॉक्टरांशी भेट व्हावी. सीबीसी, म्हणजे रक्तगणनेच्या एका तपासणीचा खर्च एका ट्रॅकसूटपेक्षा कमी आहे. शिवाय ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या निःशुल्क आहेत.

तिसरा: आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तिकीट काढता यावे, यासाठी प्रवासाचा अॅडव्हान्स वर्षारंभीच मंजूर असावा. नावे नंतर ठरतील म्हणून थांबण्याऐवजी संभाव्य संघाची तिकिटे काढावीत आणि त्यातल्या एक-दोन रद्द तिकिटांचा खर्च लेखापरीक्षणात मान्य व्हावा.

चौथा: मुलींचा संघ सामन्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचावा. सोबत महिला व्यवस्थापक असावी आणि मुक्कामाचा पत्ता पालकांना लेखी मिळावा.

पाचवा: वैद्यकीय माहिती गोपनीय राहील, याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी.

यातल्या एकाही ठरावासाठी नवे मैदान, नवा कायदा किंवा मोठे अनुदान लागत नाही. लागते ती जुलैत सुरुवात करण्याची शिस्त. आपण मुलींना सरावाला वेळेवर या असे रोज सांगतो. तीच शिस्त आपण स्वतःला लावली, तर येत्या हंगामात आपल्या मुली निरोगी शरीराने, शांत झोप घेऊन मैदानात उतरतील. मग त्या हरल्या तर खेळात हरतील आणि जिंकल्या तर पूर्ण ताकदीने जिंकतील. एवढा हक्क त्यांचा नक्कीच आहे. ठराव सर्वानुमते मंजूर करा आणि परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात आपापल्या प्राचार्यांपुढे ठेवा, ही विनंती करून मी थांबते.