'पुढील भाग' आणि लाल सिग्नल

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी बोलतात. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला माणूस. मी सिग्नलबद्दल सांगेन, असे कमिटीला वाटले असावे. तेही येईलच, पण माझा विषय आहे वेब सिरीज. एका बैठकीत सगळी मालिका संपवायची, याला इंग्रजीत 'बिंज वॉचिंग' म्हणतात. आपल्या मराठीत अधाशासारखे बघणे म्हणा. हा शब्द इतका रुळला की २०१५ साली कॉलिन्स शब्दकोशाने तो 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला.

याची सुरुवात फार जुनी नाही. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी प्रेक्षकांसमोर ठेवले. आपल्याकडे नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. जुलै २०१८ मध्ये 'सेक्रेड गेम्स'चे आठ भाग एकदम आले. त्यानंतर काय झाले ते आपण सगळे जाणतोच.

आमच्या पिढीला वाट बघण्याची सवय होती. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. रविवारी सकाळी एक भाग, मग आठवडाभर चर्चा. तेच 'रामायण' २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ दाखवले गेले, आणि लोकांनी तेही आवडीने पाहिले. म्हणजे गोष्ट चांगली असेल तर माणूस दोन्ही प्रकारे बघतो.

आता, नव्या पद्धतीला सरसकट नावे ठेवायला मी उभा नाही. इथे बसलेल्या रेल्वेच्या मंडळींना विचारा. ज्याची ड्युटी आज सकाळी, परवा रात्री, त्याला रात्री साडेआठची मालिका सलग कधी बघता आली? लोको पायलट, गार्ड, स्टेशन मास्तर, आमचे मेंटेनन्सचे लोक, सगळ्यांचे निम्मे भाग बुडायचे आणि घरच्यांकडून "काल काय झाले?" ऐकून घ्यावे लागायचे. शिवाय आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. पूर्वी मराठी कार्यक्रम दिसावा म्हणून केबलवाल्याच्या विनवण्या कराव्या लागत. आज मोबाइलवर हवी ती मराठी मालिका हव्या त्या वेळी दिसते. हे सुख मी तरी परत करणार नाही.

माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. ती समजायला सिग्नलचे एक तत्त्व सांगतो. आमच्या खात्यात कुठलेही यंत्र बसवताना पहिला प्रश्न असा असतो, की काहीच झाले नाही, वीज गेली, तार तुटली, रिले पडला, तर काय होईल? उत्तर एकच असावे लागते, गाडी थांबली पाहिजे. सिग्नल हिरवा व्हायला सगळ्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. लाल राहायला काहीच लागत नाही. याला 'फेल-सेफ' म्हणतात. इंजिनातही तसेच. लोको पायलटने साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक आपोआप लागतात.

आता मालिकेचा भाग संपतो तेव्हा काय होते ते बघा. कोपऱ्यात 'पुढील भाग' असा चौकोन येतो, आकडे उलटे मोजले जातात, आणि तुम्ही काहीच केले नाही तर पुढची गाडी सुटते! थांबण्यासाठी हात हलवावा लागतो, चालू राहण्यासाठी नाही. हे आमच्या नेमके उलट आहे. बरेच भाग झाल्यावर "अजून बघताय ना?" असे ते विचारते खरे, पण तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात. आणि हे चुकून झालेले नाही. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे.

झोपेचे म्हणाल तर २०१७ मध्येच बेल्जियममधल्या १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जे वारंवार असे सलग बघत, त्यांची झोप निकृष्ट आणि थकवा जास्त. कारणही त्यांनी शोधले. डोळे मिटले तरी डोके कथेतच फिरत राहते, शांत होत नाही. ऑफिसला दहा वाजता जाणाऱ्याचे यात एक दिवस बिघडते. रात्रपाळीवाल्याचे गणित वेगळे. त्याची दुपारची झोप हीच त्याची रात्र असते. माझ्या सेक्शनमधला एक तरुण टेक्निशियन एकदा रात्रीच्या ब्लॉकला आला तो लाल डोळ्यांनी. दुपारभर एक अख्खी सिरीज संपवून आला होता. पॉइंट मशीनचे काम होते. मी त्याला हत्याराला हात लावू दिला नाही, घरी पाठवले आणि दुसऱ्याला बोलावून घेतले. मुलगा हुशार आहे, कामाचा आहे, माझ्यावर आठवडाभर रुसला होता. रुसू दे.

बरे, एवढे जागून हाती काय लागते? मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना तीन गटांत एकच मालिका दाखवली. एका गटाला सलग, एकाला रोज एक भाग, एकाला आठवड्याला एक. दुसऱ्या दिवशी सलग बघणाऱ्यांना सर्वात जास्त आठवत होते, पण पुढच्या काही महिन्यांत तेच सर्वात वेगाने विसरले. आणि मजा विचारली तर तीही त्यांनाच कमी आली होती. प्रयोग लहान होता, पण मला पटला. मागच्या वर्षी सलग पाहिलेल्या एखाद्या सिरीजची गोष्ट आता सांगून बघा बरे!

मालिका लिहिणारेही यातून सुटले नाहीत. आठवड्याला एक भाग असेल तर तो भाग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. प्रेक्षक पुढचा लगेच बघणारच म्हटल्यावर आठ तासांचा एक लांब सिनेमा तयार होतो. पहिला भाग जोरदार, शेवट जोरदार, मधले भाग नुसते ओढलेले. अमेरिकेत वर्षाला वीस-बावीस भागांच्या मालिका असत, तिथे आठ-दहा भाग झाले. लेखकांचे काम आणि पुनःप्रक्षेपणाचे मानधन दोन्ही आटले. २०२३ साली तिथल्या लेखकांनी १४८ दिवस संप केला, त्यात स्ट्रीमिंगचे मानधन हा एक मुख्य मुद्दा होता.

गंमत म्हणजे ज्यांनी हे सुरू केले तेच हळूहळू मागे वळताहेत. डिस्नेने २०१९ मध्ये 'मँडलोरियन' आठवड्याला एक असाच दाखवला. ॲमेझॉनने २०२० मध्ये 'द बॉइज'चा दुसरा हंगाम तीन भागांनंतर साप्ताहिक केला. खुद्द नेटफ्लिक्सने 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा हंगाम २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन हप्त्यांत आणला. प्रेक्षकाच्या झोपेची काळजी वाटली म्हणून नव्हे हो! सगळे एका रात्रीत संपले की चार दिवसांत चर्चा संपते, आणि महिनाभराचे पैसे भरून माणूस निघून जातो.

असो. वेळ झाला, आरतीची तयारी दिसते आहे. एक कामाचे सांगतो. नेटफ्लिक्समध्ये आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये 'पुढचा भाग आपोआप सुरू करा' अशी खूण असते. ती काढून टाकता येते. दोन मिनिटांचे काम आहे. ज्यांना जमत नसेल त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेजवळ मला मोबाइल आणून द्यावा, मी करून देतो. पासवर्ड तेवढा मुलांना विचारून या.