रात्रपाळीचे सोबती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. आमचे शिक्षण बी. ए.पर्यंतचे, नोकरी केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यातली आणि तीतली बरीच वर्षे दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर गेलेली. लांब पल्ल्याच्या वैमानिकांचे नित्याचे जीवन हा विषय आम्ही सुचविला, तेव्हा कार्यवाहांनी आम्हांस विचारले, "आपण कधी विमान चालविले आहे काय?" विमान तर राहोच, आम्ही स्कूटरदेखील बेताचीच चालवितो. परंतु रात्री दोन वाजता थर्मासमधला गार होत चाललेला चहा पीत आम्ही टेबलाशी बसलेले असताना, परदेशातून आलेले वैमानिक आपापली बॅग ओढीत समोरून जात असतात. सारे शहर झोपलेले असताना जागणारी जी थोडी माणसे असतात त्यांत ते आणि आम्ही दोघेही आलो. त्या नात्याने आम्ही बोलणार आहोत.

दुसरेही एक कारण आहे. तेही आधीच सांगून टाकावे हे बरे. आमच्या थोरल्या भगिनीचा मुलगा वैमानिक आहे. तो द्वारकेत राहतो. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील बक्षीस-समारंभासाठी त्याने यावे, मुलांना दोन शब्द सांगावेत, असे ठरले होते. कार्यक्रमाच्या दिवशी तो दिल्लीतच होता, घरी होता. आणि तरीही आला नाही. दुपारी त्याच्या पत्नीने दूरध्वनीवर सांगितले की ते झोपले आहेत, उठवता येणार नाही. भर दुपारी झोप! आम्ही त्या वेळी कार्यकारिणीत होतो. बैठकीत आम्ही सर्वांदेखत म्हणालो की आकाशात उडणाऱ्यांना जमिनीवरची माणसे लहानच दिसायची. वाक्य लोकांना आवडले, हशाही झाला. ते त्याच्या कानांवर गेले, आणि पुढची दोन वर्षे तो मंडळाकडे फिरकला नाही. आमच्या घरीही आला नाही.

त्यानंतर एका हिवाळ्यात, दाट धुक्याच्या रात्री, आम्ही पाळीवर असताना तो अमेरिकेहून आलेल्या विमानाच्या कर्मचाऱ्यांबरोबर आमच्यासमोर येऊन उभा राहिला. आप्त असल्यामुळे त्याचे काम आम्ही शेजारच्या सहकाऱ्याकडे दिले. कागदावर तारीख लिहिताना त्याचा हात थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले आणि अगदी लहानपणी विचारी तशा आवाजात विचारले, "मामा, आज वार कोणता?"

आम्ही वार सांगितला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे होते. जगभरच्या विमानवाहतुकीचा कारभार एकाच जागतिक वेळेवर चालतो, आणि वैमानिकाचे घड्याळ त्या वेळेवर असते. त्याच्या शरीराचे घड्याळ कोणत्या देशात होते हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. पुढल्या सुटीच्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींना घेऊन त्याच्या घरी गेलो. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ विचारली. आज जे सांगणार आहोत त्यातले पुष्कळसे त्या दिवशी त्याच्याकडून ऐकलेले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले आता अमेरिकेत आहेत. म्हणून दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हाच प्रवास घेऊ. एअर इंडियाने ही विनाथांबा सेवा २०१५च्या डिसेंबरात सुरू केली. प्रारंभी विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. २०१६च्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट लांबली, सुमारे १५,३०० किलोमीटर झाली. परंतु वेळ कमी लागला, कारण वरच्या थरातला जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि तो पाठीशी मिळाला. एवढ्या पल्ल्याला साडेचौदा-पंधरा तास लागतात. मधल्या काळात विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते. सोमवारी पहाटे दिल्लीहून निघालेला मनुष्य सोमवारीच सकाळी तिकडे उतरतो. वाटेत एक सोमवारचा सूर्य उगवून मावळलेला असतो, आणि उतरल्यावर सोमवारचाच सूर्य पुन्हा उगवतो. प्रवाशाला याची मौज वाटते. महिन्यातून कितीदा तरी असे करणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार आम्ही केला नव्हता.

पहाटेच्या विमानासाठी वैमानिकाचा दिवस आदल्या सायंकाळी सुरू होतो, तोही झोपेने. सात-आठ वाजता, म्हणजे शेजारी दूरचित्रवाणी जोरात असताना, मुले अभ्यासाला बसलेली असताना, झोपावयाचे. झोप कोणाच्या हुकमाने येत नाही. मध्यरात्रीनंतर उठून, दाढी करून, गणवेश चढवून तो निघतो. कामावर आल्यावर श्वासाची तपासणी होते. कामाच्या आधीचे बारा तास मद्याचा थेंब घेतलेला चालत नाही. मग मार्ग, हवामान, इंधन यांची कागदपत्रे. ती आता पाटीएवढ्या टॅबलेटवर येतात, पण वाचावी लागतात तेवढीच. बोइंग ७७७ जातीचे लांब पल्ल्याचे विमान पूर्ण भरले म्हणजे त्याचे वजन साडेतीनशे टनांच्या घरात जाते, त्यात शंभर टनांहून अधिक इंधनच असते. उतरतेवेळी मात्र ते सुमारे सव्वादोनशे टनांहून जड असता कामा नये. तेव्हा उड्डाण करताच काही बिघडले तर लगेच मागे फिरून नेहमीसारखे उतरणे जमत नाही. आधी इंधन आकाशात सोडावे लागते. हे सारे मनात धरून तो खुर्चीत बसतो.

अशा प्रवासात दोन नव्हे तर चार वैमानिक असतात. चौघे दोन जोड्यांत वाटून घेतात. एक जोडी काम करते तेव्हा दुसरी विश्रांती घेते. प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या आत, एका अरुंद जिन्याने वर गेले की दोन बिछान्यांची कोठडी असते. सरळ बसताही येत नाही, पट्टा बांधूनच निजावयाचे. हवा इतकी कोरडी की घशाला सारखी कोरड पडते. विमान हलले की झोप मोडते. भाचा म्हणाला, "मामा, आगगाडीतल्या वरच्या बर्थवर झोपतो ना, तसेच. फक्त स्टेशन येत नाही."

खाली कॉकपिटमध्ये दोघे काय करतात? आमची समजूत अशी होती की ऑटोपायलट विमान चालवितो आणि हे दोघे चांदणे पाहात बसतात. विमान ऑटोपायलट चालवितो हे खरेच आहे. परंतु त्यामुळे काम हलके होते असे नाही, त्याचे रूप बदलते. पूर्वी या कामाला माणसे अधिक होती. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्या काळी दूरच्या प्रवासात मार्ग दाखविणारा वेगळा, बिनतारी संदेश पाहणारा वेगळा, इंजिने सांभाळणारा वेगळा असे. ती माणसे एकेक करून गेली, त्यांची कामे यंत्रांकडे आली, आणि यंत्रांवर लक्ष ठेवण्याचे काम दोघांकडे उरले. मार्गावरचा ठरलेला बिंदू आला की वेळ व उरलेले इंधन योजनेशी ताडून पाहावयाचे. आत्ता या क्षणी इंजिन बंद पडले तर कोठे उतरता येईल, तेथे हवा कशी आहे, धावपट्टी उघडी आहे काय, हे सतत ध्यानात ठेवावयाचे. आणि घटकेघटकेला त्या गावाचे नाव बदलते. समुद्रावर रडार पोहोचत नाही. तेथे उपग्रहामार्फत लेखी संदेश जातात, ते न जमल्यास जुना खरखरता दूरपल्ल्याचा रेडिओ असतोच. सगळे सुरळीत असते तेव्हा सात-सात तास काहीच घडत नाही. हे काहीच न घडणे जागेपणी पाहात राहणे, आणि तेही शरीर झोप मागत असताना, हा त्या नोकरीचा खरा भार आहे. आम्ही रात्रपाळी केलेली असल्यामुळे हे एक वाक्य मात्र त्याने आम्हांस समजावून सांगावे लागले नाही.

आणि घडते तेव्हा? ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या अशाच एका विमानाच्या एका इंजिनात बिघाडाची चिन्हे दिसली. ते रशियाच्या पूर्व टोकाकडील मगादान या गावी उतरविण्यात आले. आत २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. विमान सुखरूप उतरले. मंडळींना तेथे मिळेल त्या जागी मुक्काम करावा लागला आणि ८ जूनला दुसऱ्या विमानाने ती पुढे गेली. वर्तमानपत्रांत गैरसोयीविषयी पुष्कळ छापून आले. उतरणे मात्र दोन ओळींत आटोपले. ते गाव नकाशावर आयत्या वेळी शोधलेले नसते, कोणीतरी आधीपासून मनात ठेवलेले असते, हे आम्हांसही भाच्यामुळेच कळले.

आता झोपेविषयी. आमच्या सौभाग्यवतींना वाटे की परदेशी उतरल्यावर हे लोक हॉटेलात चैन करतात. सॅन फ्रान्सिस्कोचे आणि आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तासांनी, हिवाळ्यात साडेतेरा तासांनी वेगळे. आपली रात्र तो त्यांचा दिवस. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला तासाभराने सरकते असे धरतात. मुक्काम दोन-तीन दिवसांचा. म्हणजे शरीर तिकडचे होऊ लागते न लागते तोच परतीची वेळ होते, आणि ते अर्ध्या वाटेवरून पुन्हा इकडे आणावयाचे. घरी आल्यावर दुपारी जी झोप लागते ती आळसाची झोप नव्हे. मागची उधारी फेडणे असते ते. त्याच्या शयनगृहाला काळे जाड पडदे आहेत. दाराची घंटा त्याने काढून टाकली आहे. तरी दुपारी भंगारवाल्याची आरोळी येतेच.

या झोपेची किंमत किती असते हे आपण २२ मे २०१० रोजी पाहिले आहे. त्या पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे प्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते. विमानातील ध्वनिमुद्रणावरून असे दिसून आले की कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपला होता, आणि झोपेतून उठल्यावर बुद्धीवर काही काळ जी जडता राहते तिचा परिणाम त्याच्या निर्णयावर झाला असावा. तो प्रवास काही लांब पल्ल्याचा नव्हता. पण वेळ रात्रीची होती, आणि पहाटे दोन ते सहा हा काळ, शास्त्रज्ञ सांगतात, मनुष्याच्या शरीराचा सर्वांत मंद काळ असतो. आपल्याकडे नियम हळूहळू कडक होत आले. आठवड्याची सलग विश्रांती पूर्वी ३६ तासांची होती, ती जुलै २०२५पासून ४८ तासांची झाली. यामुळे विमाने कमी पडतात, तिकिटे महागतात, अशी तक्रार होते. आम्ही तिकीट काढतो तेव्हा तीच तक्रार आमच्याही ओठांवर येते, हे कबूल केले पाहिजे.

पगार मोठा असतो, हे खरे आहे. त्याविषयी समाजात फार बोलले जाते म्हणून आम्ही अधिक बोलत नाही. एवढेच, की दर सहा महिन्यांनी त्याला कृत्रिम कॉकपिटमध्ये बसवून परीक्षा घेतात, इंजिने बंद पाडतात, धूर करतात. आणि वैद्यकीय तपासणीत हृदयाचा एखादा ठोका चुकला तरी कामावर जाता येत नाही. आम्ही खात्याची बढतीची परीक्षा दिली त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. आज दर सहा महिन्यांनी कोणी आमची परीक्षा घेऊ लागले तर काय होईल, हा विचार आम्ही शक्यतो टाळतो.

आमच्या भगिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या पुण्यात होत्या. भाचा त्या वेळी पॅसिफिकवर होता. निरोप त्याला उतरल्यावर मिळाला, आणि परतीच्या विमानात, कामावर नसलेला एक प्रवासी म्हणून, तो पंधरा-सोळा तास बसून आला. अंत्यविधी आम्ही आणि त्याच्या धाकट्या भावाने उरकले होते. तो दारात आला तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. त्या दिवसाविषयी नव्हे, बक्षीस-समारंभाच्या दिवशीच्या त्या वाक्याविषयी. त्याला ते वाक्य अक्षरशः पाठ होते. त्या संध्याकाळी त्याच्या कामाचा तक्ता त्याने आमच्या भ्रमणध्वनीवर पाठविला. तेव्हापासून दर महिन्याला पाठवितो.

गेल्या गणेशोत्सवात बक्षीस-समारंभाची तारीख तो तक्ता पाहून ठरली, हे आपणांपैकी काहींना ठाऊक आहे. त्याने मुलांना बक्षिसे दिली, आणि एका मुलीने त्याला विचारले की काका, तुम्ही वरून आमचे घर पाहता का. तो म्हणाला, उजवीकडे वळताना दिसते, फक्त दिवे दिसतात. वाक्य आम्ही जसेच्या तसे टिपून ठेवले आहे.

आज तो या सभागृहात नाही. उद्या पहाटे त्याला निघावयाचे आहे. आत्ता साडेसात वाजत आले आहेत, म्हणजे तो झोपला असेल, निदान झोपण्याचा प्रयत्न करीत असेल. कार्यवाहांना विनंती आहे की त्याच्या वाट्याचा अल्पोपाहार त्यांनी द्वारकेला कोणाबरोबर पाठवू नये, आमच्याकडे द्यावा. तो शनिवारी परत येईल, तेव्हा आम्ही दूरध्वनी करून, वेळ विचारून जाऊ.